ॲना ओ. चं खरं नाव

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी फक्त एक पेपर होता आणि त्यात मी जेमतेम पन्नाशी गाठायचे. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या तर पोटात घाला. खरं म्हणजे मॅगझिनच्या इंग्लिश सेक्शनने लेख मागितला होता. मीच म्हटलं, हा मराठीत देते. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

ज्या बाईंबद्दल मी लिहितेय त्या जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध पेशंटांपैकी एक आहेत. मानसशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत त्या भेटतात, पण स्वतःच्या नावाने नाही. तिथे त्यांचं नाव आहे ॲना ओ. खरं नाव बर्था पापेनहाइम. बी आणि पी ही दोन्ही अक्षरं एकेक घर मागे सरकवा, ए आणि ओ मिळतात. एफईला आपण सगळ्यांनी सीझर सायफरचा जो प्रोग्राम लिहिला (म्हणजे एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी जर्नलमध्ये उतरवला) तोच हा, शिफ्ट फक्त एकचा. पेशंटचं नाव लपवायला डॉक्टरांनी एवढंच केलं होतं, आणि बाहेरच्या जगासाठी ते ५८ वर्षं टिकलं. आपल्या वायफायचे पासवर्डसुद्धा एवढे टिकत नाहीत.

गोष्ट सुरू होते तेव्हा ती एकवीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठी. म्हणून सध्या अगं-तुगंच करते.

बर्थाचा जन्म २७ फेब्रुवारी १८५९ चा, व्हिएन्ना शहरातला. (तारीख आपल्या मराठी भाषा दिनाची. निव्वळ योगायोग, पण माझ्या लेखाच्या उपयोगाचा.) घर श्रीमंत, ज्यू आणि चांगलंच कर्मठ. दोन मोठ्या बहिणी अकाली गेल्या, त्यातली एक बर्था आठ वर्षांची असताना क्षयाने. तिच्यापेक्षा दीडेक वर्षाने लहान भाऊ, विल्हेल्म. ज्यू मुलींसाठी तशी शाळा नव्हती म्हणून बर्थाला कॅथलिक शाळेत घातलं. म्हणजे घरी एक धर्म, शाळेत दुसऱ्याची प्रार्थना. मला हे वाचताना हसूच आलं, कारण आमच्या घरीही आजी संध्याकाळी शुभंकरोती म्हणायची आणि मी सकाळी असेंब्लीत आवर फादर. आजही वायवाच्या आधी घाबरले की तोंडात आपोआप आवर फादरच येतं. रामरक्षा मला अर्धीच येते.

बर्था हुशार होती. इंग्लिश, फ्रेंच, इटालियन भाषा तिला छान यायच्या. पण सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि विषयही संपला. भाऊ पुढे कायदा शिकायला गेला. बहिणीने काय करायचं? भरतकाम, पियानो, घोड्यावर रपेट आणि लग्नाची वाट बघायची. तिने त्यावर एक उपाय शोधला. हाताने टाके घालत असताना मनातल्या मनात ती गोष्टी रचायची. त्याला तिने स्वतःचं खाजगी थिएटर असं नाव दिलं होतं. समोरच्याने काही विचारलं तर ती बरोबर उत्तर द्यायची, त्यामुळे कुणाला पत्ताही नसायचा की ही इथे नाहीच. शेवटच्या बाकावरच्या मंडळींना हे जास्त समजावून सांगायला नको.

१८८० च्या जुलैमध्ये हे कुटुंब इश्ल नावाच्या थंड हवेच्या गावी सुट्टीला गेलं होतं. तिथे वडील आजारी पडले. फुफ्फुसाच्या बाजूला गळू झालं होतं. दिवसा आई आणि रात्री बर्था, अशा पाळ्या लागल्या. एका रात्री व्हिएन्नाहून ऑपरेशनसाठी सर्जन यायचे होते. आई बाहेर होती. बर्था वडिलांच्या उशाशी बसलेली, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर टाकून. डोळा लागला की नाही अशा अवस्थेत तिला दिसलं की भिंतीतून एक काळा साप निघालाय आणि वडिलांना चावायला येतोय. तिने त्याला हाकलायला हात उचलला तर हात उचलेचना, मुंग्या येऊन बधिर झाला होता. त्या हाताकडे पाहिलं तर बोटांचेच छोटे छोटे साप झालेले. तिला देवाची प्रार्थना म्हणायची होती. कुठल्याच भाषेतली आठवेना. शेवटी आठवल्या त्या लहान मुलांच्या इंग्लिश कवितेच्या ओळी, आणि मग ती इंग्लिशमध्येच विचार करू लागली, इंग्लिशमध्येच प्रार्थना करू लागली. तेवढ्यात सर्जनना घेऊन येणाऱ्या गाडीची शिटी वाजली आणि सगळं थांबलं.

थांबलं असं वाटलं फक्त. त्या हिवाळ्यात व्हिएन्नाला परतल्यावर बर्था हळूहळू कोसळली. आधी जेवण तुटलं, मग खोकला. त्यासाठी घरी येणारे डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांना बोलावलं. ब्रॉयर म्हणजे साधे फॅमिली डॉक्टर नव्हते. आपला श्वास आपोआप कसा नियंत्रित होतो यातल्या एका प्रतिक्षेपाला आजही त्यांचं नाव आहे, आणि कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमुळे शरीराचा तोल कसा सांभाळला जातो हे १८७० च्या दशकात शोधणाऱ्यांपैकी ते एक. दुसरे होते अर्न्स्ट माख, मेकॅनिकलवाल्यांच्या माख नंबरचे माख.

११ डिसेंबर १८८० ला बर्थाने अंथरूण धरलं. उजवा हात आणि दोन्ही पाय आखडले, डोळे तिरळे झाले, मानेतली ताकद गेली. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे भाषा मोडली. आधी शब्द सापडेनात, मग व्याकरण गेलं, क्रियापदं चालवता येईनात, चार-पाच भाषांतल्या शब्दांची खिचडी व्हायला लागली. मग दोन आठवडे ती अजिबात बोलली नाही. ब्रॉयर यांनी अंदाज केला की तिला कुठल्या तरी गोष्टीने फार दुखावलंय आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं तिने ठरवलंय. त्यांनी नेमकं त्याच गोष्टीवर तिला बोलतं केलं आणि तिची वाचा परत आली. पण आली ती इंग्लिश होऊन. घरातली सगळी माणसं जर्मन बोलतात, ती त्यांना इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि आपण वेगळी भाषा बोलतोय हे तिला कळतसुद्धा नाही. हातात फ्रेंच किंवा इटालियन पुस्तक दिलं तर ते ती इंग्लिशमध्ये भाषांतर करून घडाघडा वाचायची.

त्या काळी अशा मुलींच्या आजाराला हिस्टेरिया म्हणत. उपाय ठरलेले होते: झोपेची औषधं, विजेचे झटके, नाहीतर नाटक करते असं म्हणून दुर्लक्ष. ब्रॉयर यांनी वेगळं काय केलं, तर ते रोज संध्याकाळी आले आणि ऐकत बसले. एवढंच. ऐकताना त्यांच्या लक्षात आलं की सूर्यास्ताच्या सुमाराला ती एका गुंगीत जाते आणि दिवसभरात पुटपुटलेला एखादा शब्द तिच्यासमोर उच्चारला की त्यावरून गोष्ट सांगायला लागते. बहुतेक गोष्टी एकाच प्रकारच्या, आजारी माणसाच्या उशाशी काळजी करत बसलेल्या मुलीच्या. गोष्ट संपली की ती शांत व्हायची आणि दुसरा दिवस बरा जायचा. एखाद्या दिवशी डॉक्टर आले नाहीत, गोष्ट आतच राहिली, की दुसऱ्या दिवशी दुप्पट त्रास. या प्रकाराला तिने दोन नावं दिली, अर्थात इंग्लिशमध्ये, कारण तेव्हा तिला दुसरी भाषा येतच नव्हती. गंभीरपणे बोलताना टॉकिंग क्युअर, आणि गंमतीने चिमनी स्वीपिंग, म्हणजे धुराड्यातली काजळी काढणं. आज जगभर ज्याला टॉकिंग थेरपी म्हणतात त्याचं नाव एका पेशंटने ठेवलेलं आहे, डॉक्टरने नाही. हे मला फार आवडतं.

५ एप्रिल १८८१ ला वडील वारले. शेवटचे काही आठवडे तिला त्यांच्याजवळ फारसं जाऊच दिलं नव्हतं. ते बरे आहेत असंच सांगत राहिले होते. तिच्याच भल्यासाठी, अर्थात.

इथे मी पुस्तक मिटलं होतं.

मागच्या वर्षी माझे आजोबा गेले. एसईची परीक्षा चालू होती. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी ते गेले आणि घरच्यांनी मला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं, चौदा दिवसांनी. मधल्या काळात मी रोज फोन करायचे. आजोबांना द्या म्हटलं की आई म्हणायची झोपलेत, बाबा म्हणायचे फिरायला गेलेत. अहो, ज्यांना सहा महिने धरून बाथरूमला न्यावं लागत होतं ते फिरायला कसे जातील, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. मी घरी पोचले तेव्हा तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. त्यांचा पलंग आवरून तिथे शिलाई मशीन ठेवलं होतं.

मी घरच्यांना दोष देत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच करतात, तुमच्यापैकी काही जणांच्या घरीही केलं असेल. पण त्यानंतर टीईच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये माझं काहीतरी बिघडलं. मेसमध्ये ताट घेतलं की घास फिरायचा. पाठ केलेलं सगळं यायचं, पण ओरलला समोर एक्स्टर्नल बसला की आवाजच फुटायचा नाही. एका ओरलला मी नुसती उभी राहून बाहेर आले. रूममेटने तीन आठवडे बघितलं आणि मग एका बुधवारी हाताला धरून मला कौन्सेलर मॅडमच्या खोलीत नेऊन बसवलं. बर्थाची गोष्ट मला तिथेच मिळाली, बाहेरच्या बाकाशेजारच्या शेल्फवर, एका पुठ्ठा सुटलेल्या पुस्तकात.

पहिले तीन बुधवार मी इंग्लिशमध्ये बोलले. आणि फार छान बोलले! सगळं मुद्देसूद, प्रेझेंटेशनसारखं. काय झालं, कधी झालं, मला काय वाटलं असावं. मॅडम ऐकत होत्या. चौथ्या खेपेला त्यांनी इतकंच विचारलं की आजोबांशी तू कुठल्या भाषेत बोलायचीस. मला उत्तर द्यायचं होतं आणि ते इंग्लिशमध्ये येईना. मग पुढचा अर्धा तास मी जे काही बोलले ते मराठीत, आणि त्यातलं निम्मं रडणंच होतं. नंतर कळलं की मी रागावले होते. आजोबांवर नाही, आईबाबांवरही पूर्ण नाही, स्वतःवर. मला संशय आला होता आणि तरी मी पेपर देत राहिले, याचा राग. इंग्लिशमध्ये बोलताना तो राग माझ्या हातालाच लागत नव्हता.

म्हणून हा लेख मराठीत. असो, बर्थाकडे वळते.

वडील गेल्यावर तिची अवस्था फार वाईट झाली. माणसं ओळखेना, ब्रॉयर यांनी भरवलं तरच खायची. जूनमध्ये तिला तिच्या मनाविरुद्ध शहराबाहेर इन्झर्सडॉर्फच्या सॅनिटोरियमच्या जवळ हलवलं. ब्रॉयर तिथेही जात राहिले, आणि ती बोलत राहिली. आणि एका उन्हाळ्यात एक घटना घडली जी पुढे फार प्रसिद्ध झाली. कडक उकाडा होता, पण बर्थाला पाणी पिता येईना. तहान लागायची, ग्लास हातात घ्यायची आणि ओठाला लागताच ढकलून द्यायची. सहा आठवडे कलिंगडासारखी फळं खाऊन काढले. मग एका संध्याकाळी गुंगीत असताना ती घरातल्या इंग्लिश सोबतिणीबद्दल बोलू लागली. त्या बाई तिला आवडायच्या नाहीत. एकदा ती त्यांच्या खोलीत गेली होती, तर त्यांचं कुत्रं ग्लासातून पाणी पीत होतं. तिला भयंकर किळस आली, पण सभ्यपणा म्हणून ती काही बोलली नव्हती. हे सगळं तिने आता रागारागाने सांगून टाकलं, पाणी मागितलं, भरपूर प्यायली आणि ओठाला ग्लास लावलेला असतानाच शुद्धीवर आली. तो त्रास पुन्हा झाला नाही.

यावरून दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. एकेक लक्षण घ्यायचं आणि ते जेव्हा जेव्हा दिसलं त्या सगळ्या वेळा उलट्या क्रमाने आठवायच्या, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. पहिली वेळ सापडली आणि तिच्याबद्दल बोलून झालं की लक्षण जायचं. कॉम्प्युटरवाल्यांनो, हे डीबगिंगच आहे की नाही सांगा. एरर जिथे दिसते तिथे ती नसते, मागे मागे जावं लागतं. पण आपण प्रिंटएफ टाकून दहा ओळी तपासतो आणि कंटाळतो. बर्थाचं एक साधं लक्षण होतं, विचारात असताना कुणी खोलीत आलेलं तिला ऐकू यायचं नाही. त्याच्या तिने १०८ वेगवेगळ्या वेळा सांगितल्या, माणसांसकट. ब्रॉयर यांनी त्या लिहून घेतल्या. त्यांचा धीर बघा! अख्ख्या जपमाळेएवढा.

७ जून १८८२ हा दिवस तिने स्वतःच ठरवला होता, तिला सॅनिटोरियमकडे हलवलं त्याला एक वर्ष झालं तो. त्या दिवशी तिने खोली वडिलांच्या खोलीसारखी मांडली आणि सापाची ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्यानंतर ती जर्मन बोलू लागली.

ब्रॉयर आणि त्यांचा तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावर मिळून पुस्तक काढलं, त्यात पहिली केस ॲना ओ. ची. तोल सावरायला तिला बराच वेळ लागला, पण पुढे ती पूर्ण निरोगी झाली, असं त्यात लिहिलेलं आहे. इथे लेख संपवता आला असता तर किती सोपं होतं.

पण ते खरं नव्हतं. १९७० च्या दशकात दोन संशोधकांनी, आधी एलेनबर्गर आणि मग हिर्शम्युलर यांनी, जुनी कागदपत्रं शोधून काढली. १२ जुलै १८८२ ला, म्हणजे त्या ठरवून केलेल्या शेवटानंतर जेमतेम पाच आठवड्यांत, बर्था स्वित्झर्लंडमध्ये क्रॉइट्सलिंगेनच्या बेलव्ह्यू सॅनिटोरियममध्ये दाखल झाली. चेहऱ्याच्या एका नसेत तिला भयानक कळा यायच्या, त्यासाठी दिलेल्या मॉर्फिनची तिला सवय लागली होती. अधूनमधून जर्मन अजूनही जात होती. ऑक्टोबरअखेर ती तिथून बाहेर पडली, पण १८८३ ते १८८७ या काळात आणखी तीनदा तिला इन्झर्सडॉर्फला भरती व्हावं लागलं. ब्रॉयर यांना हे माहीत होतं. तरीही पुस्तकात त्यांनी ते लिहिलं नाही. (ब्रॉयर तिच्यामुळे घाबरून पळाले वगैरे मसालेदार किस्साही तुम्हाला वाचायला मिळेल. तो याच कागदपत्रांनी खोटा ठरवलाय.)

हे वाचल्यावर मी खरंच चिडले. मी तेव्हा आठव्या बुधवारपर्यंत आले होते, घास खाली जायला लागला होता, आणि इथे कळतंय की बोलून बरी झालेली पहिली मुलगी बरी झालीच नव्हती! मी पुस्तक घेऊनच मॅडमकडे गेले. त्यांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी काही लपवलं नाही. ब्रॉयर यांची पद्धत आज जशीच्या तशी कुणी वापरत नाही. मुळाशी असलेली एक आठवण सापडली की सगळं खटकन सुटतं, ही कल्पना सिनेमात जास्त दिसते. फ्रॉइड यांनी त्याचं मनोविश्लेषण केलं, पुढे १९४० च्या दशकात कार्ल रॉजर्स यांनी सल्ला न देता ऐकण्यावर भर दिला, १९६० च्या दशकात अमेरिकेत आरॉन बेक यांनी नैराश्याच्या पेशंटांना आपोआप मनात येणारे विचार लिहून काढायला आणि पुरावा तपासायला शिकवलं. या पद्धतींच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत. सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्याचे उपचार औषधांच्या तोडीस तोड ठरतात असं त्यांत दिसलंय. काही आजारांत औषध लागतंच, तिथे मॅडम स्वतःच सायकिअॅट्रिस्टकडे पाठवतात. आणि उपचार चालू असताना मधेच पुन्हा बिघडणं यात नवल नाही, असंही त्या म्हणाल्या. मला होमवर्क म्हणून एक वही दिली होती. त्यात डावीकडे मनात आलेला विचार लिहायचा आणि उजवीकडे त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे. मला कळलं असूनही मी गेले नाही, हे वाक्य त्यात मी अकरा वेळा लिहिलंय. विरुद्ध बाजूला एक पुरावा सापडायला पाच आठवडे लागले: मी रोज फोन केला होता.

आता बर्थाबाईंना अहो-जाहो करायची वेळ झाली, कारण इथून पुढे त्या वेगळ्याच माणूस आहेत.

१८८८ मध्ये त्या आईबरोबर जर्मनीत फ्रँकफर्टला गेल्या. त्याच वर्षी त्यांचं मुलांच्या गोष्टींचं पुस्तक निघालं, नाव न घालता. खाजगी थिएटर शेवटी कागदावर उतरलं म्हणायचं. त्या गरीब ज्यू स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरात वाढपी म्हणून उभ्या राहिल्या, आणि १८९५ मध्ये मुलींच्या अनाथाश्रमाच्या प्रमुख झाल्या. वर्ष लक्षात आलं? व्हिएन्नात त्यांच्या आजाराचं पुस्तक छापलं गेलं त्याच वर्षी. तिकडे ॲना ओ. कॉटवर पडून होती आणि इकडे बर्था पापेनहाइम चाळीस पोरींच्या वेण्या आणि हिशोब बघत होत्या. (चाळीस हा आकडा माझा, आमच्या मजल्यावर तेवढ्या आहेत.)

१८९९ मध्ये त्यांनी मेरी वुलस्टनक्राफ्ट यांचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक इंग्लिशमधून जर्मनमध्ये आणलं. ज्या मुलीची जर्मन हरवून फक्त इंग्लिश उरली होती तिने हे केलं. १९०४ मध्ये ज्यू महिलांची देशव्यापी संघटना काढली आणि वीस वर्षं तिच्या अध्यक्षा राहिल्या. भरात असताना तिच्या सभासद सुमारे ५० हजार होत्या. मुलींना फसवून परदेशी वेश्यावस्तीत विकण्याचा धंदा तेव्हा पूर्व युरोपात जोरात होता आणि त्यात काही ज्यू दलालही होते. धर्ममार्तंड म्हणत, हे बाहेर बोलू नका, आपले शत्रू त्याचा वापर करतील. बाईंनी ते जाहीर सभांतून बोलून दाखवलं. चौकशीसाठी गॅलिशिया, बाल्कन, इस्तंबूल, जेरुसलेम, इजिप्त, रशिया एवढं हिंडल्या. या प्रवासातल्या पत्रांच्या पुस्तकाला नाव दिलं सिसिफसचं काम, म्हणजे धोंडा वर ढकलायचा आणि तो पुन्हा खाली. त्यांना स्वतःबद्दल भ्रम नव्हते. १९०७ मध्ये फ्रँकफर्टजवळ नॉय-इझेनबुर्गला त्यांनी एक घर उघडलं. फसवल्या गेलेल्या मुली, लग्नाआधी आई झालेल्या मुली आणि त्यांची बाळं तिथे राहायची. ज्या मुलींना बाकी कुणी दारात उभं करत नव्हतं.

आणि आता मला न सुटलेली गोष्ट. आपल्या आजारपणाबद्दल त्या आयुष्यभर एक अक्षर बोलल्या नाहीत. जवळच्या सहकाऱ्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या आश्रमातल्या एखाद्या मुलीला मनोविश्लेषणासाठी पाठवावं असं कुणी सुचवलं तर त्या कडाडून विरोध करायच्या, असं त्यांच्या सहकारिणीने लिहून ठेवलंय. बोलून बरं होण्याला जिने नाव दिलं तिचाच त्यावर विश्वास नव्हता का? की आपलं बोलणं कुणीतरी पुस्तकात छापलं याचा तो राग होता? मला दुसरं जास्त पटतं. कौन्सेलरच्या खोलीत बोललेलं खोलीबाहेर जाता कामा नये, हा नियम आज सगळीकडे आहे. बर्थाबाईंच्या वेळी नावाचं एकेक अक्षर मागे सरकवलं की काम झालं समजायचे. (माझ्याबद्दल इथे जे लिहिलंय ते मी स्वतःच्या मर्जीने लिहिलंय आणि आईबाबांना आधी वाचून दाखवलंय. आई मधेच उठून स्वयंपाकघरात गेली, पण नंतर छाप म्हणाली.)

१९३६ च्या वसंतात बर्थाबाई ७७ वर्षांच्या होत्या, कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या. हिटलर सत्तेत येऊन तीन वर्षं झाली होती. आश्रमातली एक मतिमंद मुलगी हिटलरबद्दल काहीतरी वावगं बोलली आणि कुणीतरी कळवलं. गेस्टापोने बाईंना चौकशीला बोलावलं. त्या आजारी अवस्थेत गेल्या, मुलीची बाजू शांतपणे मांडली आणि परत आल्या. त्यानंतर पुन्हा उठल्या नाहीत. २८ मे १९३६ ला त्या गेल्या. १० नोव्हेंबर १९३८ ला जमावाने आश्रमाची मुख्य इमारत जाळली. १९४२ मध्ये उरलेला आश्रम बंद केला आणि तिथे राहणाऱ्यांना छळछावणीत नेलं. ते त्यांना बघावं लागलं नाही एवढंच.

१९५३ मध्ये फ्रॉइड यांच्या चरित्रात त्यांच्या चरित्रकाराने, अर्नेस्ट जोन्स यांनी, ॲना ओ. चं खरं नाव छापून टाकलं. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीने मानवतेला मदत करणाऱ्यांच्या मालिकेत बर्थाबाईंचं टपाल तिकीट काढलं. ते त्यांच्या समाजकार्यासाठी होतं. नेटवर त्याचा फोटो मिळतो, मी त्याची प्रिंट काढून टेबलासमोर लावली आहे. रूममेटला वाटतं माझी कुणीतरी आजी आहे.

कौन्सेलर मॅडम बुधवारी आणि शुक्रवारी येतात, चार ते सहा. लायब्ररीच्या मागच्या जिन्याने वर गेलं की डावीकडची दुसरी खोली. दारावर पाटी नाही, म्हणून सांगितलं. रात्री-अपरात्री लागलं तर सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. बुधवारी साडेचारला मात्र मी असते, तेवढी वेळ सोडून या.